माडी आणि माजघर

बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे. लिहीन लिहीन म्हणता राहून जात होता, आज लिहूनच टाकते.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक मी आत्तापर्यंत तीनदा वाचलं. पहिल्यांदा कॉलेजात असताना, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांचा राग आला होता. दुसऱ्यांदा लग्नानंतर, तेव्हा त्यांच्या घरातल्या बायकांचा आला. या वेळी तिसऱ्यांदा वाचलं आणि राग नक्की कुणावर काढावा तेच कळेना. पुस्तकातली सगळी माणसं आपापल्या जागी अगदी चोख वागताहेत. ज्याने त्याने आपल्या वाट्याला आलेलं काम केलं आहे, आणि त्यातूनच हे सगळं झालं आहे. मग जरा खोलात जाऊन विचार करावासा वाटला.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (२०१२ च्या 'उंच माझा झोका' मालिकेमुळे रमाबाई घरोघरी पोचल्या, त्यामुळे बऱ्याच जणांना माहीत असेलच.) महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा. पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि सुधारक म्हणून त्यांचं नाव झालं होतं. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवांच्या पुनर्विवाहाची चळवळ चालवली होती. १८६९ मध्ये मुंबईत जो गाजलेला पुनर्विवाह झाला त्याच्या बाजूने रानडे उभे होते, आणि त्यावरून उठलेलं बहिष्काराचं वादळही त्यांनी पाहिलं होतं. अशा माणसाची बायको गेल्यावर सगळ्या मित्रमंडळींना वाटलं, आता हे स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करणार. बोलल्याप्रमाणे वागून दाखवायची याहून चांगली वेळ कोणती?

वडिलांनाही नेमकं तेच वाटलं. म्हणून त्यांनी घाईघाईने मुलगी शोधली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची, अकरा वर्षांची. रानड्यांनी नाही म्हणून पाहिलं, समजूत घालून पाहिली. वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली. शेवटी त्याच वर्षी लग्न झालं. पहिली बायको गेल्याला वर्षही झालं नव्हतं.

यावर लोक तेव्हाही हसले आणि नंतरही हसत राहिले. बोलके सुधारक! कॉलेजात मीही हेच म्हटलं होतं आणि आजही ते लग्न मला समर्थनीय वाटत नाही. अकरा वर्षांची मुलगी म्हणजे अकरा वर्षांची मुलगी. पण 'ढोंगी' हा शब्द मात्र आता मला फार सोपा वाटतो. ढोंगी माणूस आत एक मानतो आणि बाहेर दुसरंच बोलतो. रानडे बोलत होते तेच मानत होते, यात मला तरी शंका नाही. फक्त सभेत उभे राहणारे रानडे आणि वडिलांसमोर उभे राहणारे रानडे, यांच्यात दुसरे वयाने फार जुने होते. मुलगा म्हणून वागायचं कसं हे ते जन्मापासून शिकलेले, सुधारक म्हणून वागायला लागून जेमतेम दहा वर्षं झालेली. वडिलांपुढे मान वर करायची नाही हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ते अंगात होतं, जेवताना उजवा हात पुढे यावा तसं.

कुणी म्हणेल, मग कर्व्यांना कसं जमलं? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, स्वतःच्या घरी जाऊन राहण्याची पंचाईत झाली, तरी ते मागे हटले नाहीत. खरं आहे. कर्व्यांबद्दल मला फार आदर आहे. पण दोघांमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे हेही विसरून चालणार नाही. त्या वीस वर्षांत 'विधवेशी लग्न केलेला माणूस' अशी एक जागा समाजात तयार झाली होती. त्या जागेवर बसणाऱ्याला दगड पडत, पण जागा होती. काही माणसं आधी तिथे बसून गेली होती. जी जागा अजून नाहीच तिथे बसायला लागणारं धैर्य वेगळं असतं.

असो. मला लिहायचंय ते खरं म्हणजे रानड्यांबद्दल कमी आणि माजघराबद्दल जास्त.

लग्न झाल्याबरोबर रानड्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं. धुळाक्षरांपासून सुरुवात, मग वाचन, मग इंग्रजी. नवरा शिकवतोय, बायको शिकतेय, आपल्याला यात काय अडचण दिसणार? पण त्या काळी शिकलेल्या मुलीचा नवरा लवकर मरतो असं बायकाच म्हणत आणि मनापासून मानत. रानड्यांच्या मोठ्या कुटुंबात सावत्र सासूबाई होत्या, तरुणपणी विधवा झालेली रानड्यांची सख्खी बहीण होती, शिवाय इतर वडीलधाऱ्या आणि आश्रित बायका. वडील गेल्यावर हे सगळं खटलं रानड्यांकडेच आलं. या बायका दिवसा रमाबाईंना घालूनपाडून बोलायच्या, टोमणे मारायच्या, अबोला धरायच्या. त्यांचा सल्ला साधारण असा, की पुरुष काय, सांगतात काहीबाही. आपण ऐकल्यासारखं करावं आणि सोडून द्यावं.

म्हणजे रमाबाईंचे दोन वेगवेगळे दिवस चालले होते. माजघरात त्या सगळ्यात धाकटी सून. आणि वर, पुस्तक उघडलं की विद्यार्थिनी. मधे फक्त एक जिना. मला तो जिना फार महत्त्वाचा वाटतो. घरात नुसतं कोण कुठे बसतं, कुठल्या दारापर्यंत येतं, कुणासमोर उभं राहतं आणि कुणाच्या नंतर जेवतं, यावरून प्रत्येकाचा मान ठरलेला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात. सासऱ्यांसमोर यायचं नाही. हे सगळं कुणी नियम म्हणून लिहून भिंतीवर लावलेलं नव्हतं. लावावंच लागत नाही. पाच वर्षांची पोर भोंडल्यात फेर धरून सासूच्या छळाची गाणी म्हणते, तेव्हाच तिला कळतं की आपण पुढे कुठे जाणार आहोत आणि तिथे कोण कशी वागणार आहे. गंमत म्हणजे ती गाणी आपण किती आनंदाने म्हणायचो! खिरापत ओळखायच्या नादात त्या गाण्यांत काय चाललंय इकडे लक्ष कुणाचं होतं?

आता त्या विधवा नणंदेचा विचार करा. या वाचनात मी सगळ्यात जास्त तिच्यापाशी रेंगाळले. भाऊ विधवांच्या लग्नासाठी सभा घेतो, लेख लिहितो आणि घरात स्वतःची बहीण विधवा आहे. तिचं पुन्हा लग्न वडिलांनी केलं नाही, आणि भावाच्याने ते झालं नाही. मग तिच्या हातात काय उरलं? कुंकू नाही, मूल नाही, पैसा नाही, मंगलकार्यात पुढे यायची सोय नाही. एकच गोष्ट उरली, घराची रीत. रीत सांभाळणारी म्हणून घरात तिचा शब्द चालतो. ती रीतच उद्या निकालात निघाली तर तिला विचारणार कोण? आणि कालची आलेली पोर वर जाऊन इंग्रजी शिकते आणि तीच रीत मोडते. ज्या नियमाने तिचं आयुष्य गेलं, तो नियमच फुकट होता असं तिने कसं मान्य करायचं?

ज्यांना त्या व्यवस्थेने सगळ्यात कमी दिलं, त्याच बायका तिच्या दारावर पहारा करत होत्या. पूर्वी मला याचा संताप यायचा. आता नुसती उदासी येते.

आमच्या घरातल्या मंडळींना हे वाचून कोण आठवलं असेल ते मला माहीत आहे. आमची आजी, बाबांची आई. सांगलीच्या घरात तिचा केवढा दरारा! तिन्ही सुनांना (त्यातली एक माझी आई) ती पदर ढळला तरी बोलायची. पण एकदा मे महिन्यात मी तिच्याबरोबर तिच्या माहेरी राजापूरकडे गेले होते. तिथे हीच आजी झोपाळ्यावर मांडी घालून बसायची, भावांशी मोठमोठ्याने भांडायची आणि चक्क शिटी वाजवायची! धाकट्या काकांना मी हे सांगितलं तर त्यांचा अजूनही विश्वास बसत नाही. पुढे मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, की तुझ्या सासूने तुला एवढा त्रास दिला, मग तू आईशी तशीच का वागलीस? तिने जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, "त्या जागेवर बसलं की तसंच बोलायला येतं गं."

समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी वाचलेली नाहीत, पण त्यांत यापेक्षा फार वेगळं काही असेल असं वाटत नाही.

तर मग रमाबाई बदलल्या कशा? पुस्तक वाचताना मला वाटत होतं, कुठेतरी एक बंड येईल. येतच नाही. रमाबाईंनी बंड केलेलं नाही. त्यांनी फक्त आज्ञा पाळली. पतिव्रतेने पतीची आज्ञा पाळायची आणि सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची, हे दोन्ही त्यांना एकाच घरात, एकाच श्वासात शिकवलेलं होतं. एरवी या दोन आज्ञा एकच असतात, त्यामुळे कुणाला प्रश्न पडत नाही. इथे त्या पहिल्यांदाच एकमेकींच्या विरुद्ध गेल्या. नवरा म्हणतो वाच, सासू म्हणते वाचू नकोस. त्या फटीतून रमाबाई बाहेर आल्या. जुनाच पाट होता, फक्त त्याचं एक टोक त्यांनी घट्ट धरलं. आणि वर रानड्यांचं सांगणं असं, की घरातल्यांनी कितीही बोललं तरी उलट उत्तर करायचं नाही. तेही त्यांनी पाळलं. म्हणजे वाचायचं नवऱ्याच्या आज्ञेने आणि गप्प बसायचं तेही नवऱ्याच्या आज्ञेने!

पुण्यात मुलींचं हायस्कूल (आपली हुजूरपागा) १८८४ मध्ये निघालं. त्यासाठी चाललेल्या खटपटीत रमाबाईंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. भर सभेत, परपुरुषांसमोर, साहेबाच्या भाषेत. विचार करा, देवराष्ट्र्याहून आलेली, अक्षरओळख नसलेली ती मुलगी. गव्हर्नरांकडून कौतुक झालं आणि घरी बोलणी बसली. एकाच माणसाने एकाच दिवशी केलेलं एकच काम, सभेत ते कर्तृत्व आणि माजघरात तो निर्लज्जपणा.

याच काळात मुंबईत एक अगदी उलटी गोष्ट घडत होती. रखमाबाई. जन्म १८६४, म्हणजे रमाबाईंहून दोनच वर्षांनी लहान. यांचंही लग्न अकराव्या वर्षी झालेलं. पण रखमाबाईंनी सासरी नांदायला जायचंच नाकारलं. नवऱ्याने, म्हणजे दादाजी भिकाजीने, १८८४ मध्ये फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो पुढे फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांसाठीच्या दवाखान्यांत काम केलं.

हे झालं बंड, चोख आणि निर्विवाद. ज्या लग्नाला मी कधी संमती दिलीच नाही ते लग्न मी मानत नाही, असं भर कोर्टात सांगणारी बाई. आणि १९०४ मध्ये तो दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी काय करावं? विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. याचे अर्थ लोक वेगवेगळे लावतात. कुणी म्हणतं मनाचा मोठेपणा, कुणी म्हणतं समाजात काम करायचं तर ते सोयीचं होतं. मला कुठलाच अर्थ पूर्ण पटत नाही. एवढंच दिसतं, की ज्या बाईला हायकोर्ट बायको बनवू शकलं नाही ती चाळिसाव्या वर्षी आपणहून विधवा झाली. सरकारशी भांडता येतं, नवऱ्याशी भांडता येतं. पण लहानपणी आईच्या अंगावर, मावशीच्या अंगावर पाहिलेलं कापड कुठे आत जाऊन बसतं, कुणास ठाऊक. रखमाबाईंची आईही तरुणपणी विधवा झाली होती. तिचं पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न झालं, त्यांच्या जातीत ते चालत होतं. म्हणजे घरात दुसरं उदाहरणही डोळ्यांसमोर होतंच!

पुन्हा रानड्यांकडे वळते, कारण एक हिशेब राहिला आहे. पंचहौद मिशनचं चहाप्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावून ठेवून दिली. त्यात रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशांनी (आनंदीबाईंचे यजमान, भारी विक्षिप्त गृहस्थ) सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि मग शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, ग्रामण्य झालं, चौकशी बसली. आज हसू येतं. पण तेव्हा वाळीत पडणं म्हणजे मुलीचं लग्न अडणं, श्राद्धाला ब्राह्मण न मिळणं, प्रेताला खांदा न मिळणं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी सुरुवातीला दाद दिली नाही, आणि १८९२ मध्ये मात्र प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नाही, तर घरच्या अडचणींत सापडलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. १८७३ मध्ये वडिलांचा मुलगा म्हणून वाकले, १८९२ मध्ये मित्रांचे मित्र म्हणून. सुधारक म्हणून मात्र दोन्ही वेळा एकटेच उरले.

आणि इथे गोष्ट जरा फिरते. हे प्रायश्चित्त रमाबाईंना आवडलं नव्हतं. आठवणींत त्यांनी ते झाकून ठेवलेलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या मुलीशी लग्न करून रानडे मागे हटले होते, तीच मुलगी आता त्यांच्या मागे हटण्याने दुखावली होती. नवऱ्याने शिकवलेली भूमिका ती नवऱ्यापेक्षा जास्त मनावर घेऊन बसली होती. मला पुस्तकातली ही जागा फार आवडते. रमाबाई पुढेही पत्नीसारखंच वागल्या, तक्रार केली नाही. पण वाईट वाटलं हे लिहून ठेवलं.

रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रमाबाई बराच काळ घराबाहेर पडल्या नाहीत. आणि मग हळूहळू बाहेर आल्या त्या अशा, की थांबल्याच नाहीत. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याचा भार त्यांनी उचलला. तिथे बायका शिक्षिका झाल्या, ससून हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यात विधवा पुष्कळ होत्या. 'बरं' म्हणवल्या जाणाऱ्या घरातल्या बाईने परक्यांची शुश्रूषा करायची, हे आधी लोकांच्या पचनी पडेना. पण पगार आला, गणवेश आला, हाक मारायला एक नवं नाव आलं, आणि घरात कोपऱ्यात बसवलेली बाई वॉर्डात चार माणसांना हुकूम सोडू लागली. बाई तीच, जागा बदलली. त्या नणंदेला अशी जागा मिळाली असती तर रमाबाईंचे ते दिवस कसे गेले असते, असा एक विचार माझ्या मनात येतो. पण तिच्या वेळी सेवासदन नव्हतं.

पुढे रमाबाईंनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी चळवळ केली, बायकांच्या मताधिकारासाठी सभा घेतल्या. म्हणजे वर पुस्तक उघडून जे सुरू झालं होतं ते रस्त्यावर आलं, आणि तेव्हा 'वाच' म्हणणारं किंवा 'वाचू नकोस' म्हणणारं घरात कुणीच उरलं नव्हतं.

याच धामधुमीत, १९१० मध्ये, त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यात नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. नाव घ्यायचं नाही ही माजघरातली रीत छापील पुस्तकातही त्यांनी मोडली नाही. १९३८ मध्ये एका अमेरिकन बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यांना हे इतकं लक्षात राहिलं असावं की पुस्तकाचं नावच त्यांनी 'हिमसेल्फ' ठेवलं, आणि त्याखाली लिहिलं 'एका हिंदू स्त्रीचं आत्मचरित्र'. बाईचं आत्मचरित्र आणि नाव 'हिमसेल्फ'! बिचाऱ्या भाषांतरकर्तीला यातली गंमत कळली होती की नाही देव जाणे.

रानडे गेले तिथे पुस्तक संपतं. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षं जगल्या, १९२४ पर्यंत. तुरुंग, सेवासदन, मताधिकाराच्या सभा, सगळं त्याच वर्षांतलं. त्या वर्षांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर मी चौथ्यांदा हे पुस्तक हातात घ्यायच्या ऐवजी आधी त्या वाचल्या असत्या.